अरब लीग आणि इस्लामी सहकार्य संघटना : दोन व्यासपीठे, दोन ओळखी

११ नोव्हेंबर २०२३ रोजी गाझातील युद्धावर विचार करण्यासाठी सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे एक तातडीची शिखर परिषद भरली. मुळात तेथे दोन स्वतंत्र परिषदा व्हायच्या होत्या, एक अरब लीगची आणि दुसरी इस्लामी सहकार्य संघटनेची, म्हणजेच ओआयसीची. यजमानांनी ऐनवेळी त्या एकत्र केल्या आणि त्यामुळे अरब राष्ट्रप्रमुखांच्या बरोबरीने इराणचे अध्यक्ष इब्राहिम रईसी व तुर्कस्तानचे अध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोआन एकाच सभागृहात बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने कतारच्या राजधानीवर हल्ला केल्यानंतर दोहा येथेही अशीच संयुक्त परिषद झाली. अशा बातम्या वाचणाऱ्याला या दोन संघटना म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे ‘अरब देश’ आणि ‘मुस्लिम देश’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः या दोन संघटना दोन वेगळ्या ऐतिहासिक प्रेरणांतून जन्मल्या आहेत आणि काही काळ तर त्या प्रेरणा एकमेकींच्या उघड विरोधात उभ्या होत्या.

आधी सदस्यत्वाचा हिशेब पाहू. अरब लीगचे सदस्य २२ आहेत आणि ओआयसीचे ५७. अरब लीगचा प्रत्येक सदस्य ओआयसीचाही सदस्य आहे. उलट ओआयसीतील ३५ देश अरब नाहीत. इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, तुर्कस्तान, नायजेरिया ही मोठ्या लोकसंख्येची राष्ट्रे या दुसऱ्या गटात येतात, आणि दक्षिण अमेरिकेतील गयाना व सुरिनाम हे देशही त्यातच आहेत. जगातील मुसलमानांपैकी अरब साधारण एक पंचमांशच आहेत, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ दूर होतो. शिवाय सगळे अरब मुसलमान नाहीत. लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष प्रस्थापित संकेतानुसार मॅरोनाइट ख्रिस्ती असतो, आणि अरब लीगच्या परिषदेत तो इतर कोणाहीइतक्याच अधिकाराने बसतो.

अरब लीगच्या मुळाशी आहे तो अरब राष्ट्रवाद, आणि तो प्रामुख्याने भाषा व समान इतिहास यांवर उभा राहिलेला विचार आहे. एकोणिसाव्या शतकात बैरुतमध्ये अरबी भाषेचे आणि वाङ्मयाचे जे पुनरुज्जीवन झाले, त्यात बुत्रुस अल-बुस्तानी यांच्यासारख्या ख्रिस्ती विद्वानांचा वाटा फार मोठा होता. ऑटोमन साम्राज्यात सुलतान मुसलमान आणि अरब प्रजाही बहुसंख्येने मुसलमान होती. तेव्हा तुर्की सत्तेपासून स्वतःचे वेगळेपण सांगायचे तर धर्माचा आधार अपुरा होता, भाषेचा मात्र पुरेसा होता. पुढे सीरिया आणि इराकमध्ये सत्तेवर आलेल्या बाथ पक्षाच्या संस्थापकांपैकी मिशेल अफ्लाक हेही ख्रिस्ती कुटुंबातलेच होते. त्यामुळे अरब राष्ट्रवाद म्हणजे इस्लामी राजकारणाचेच एक रूप, असे समजणे इतिहासाला धरून नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये अलेक्झांड्रिया येथे झालेल्या वाटाघाटींतून या विचाराला संस्थात्मक रूप आले आणि २२ मार्च १९४५ रोजी कैरो येथे अरब लीगच्या करारावर सह्या झाल्या. इजिप्त, इराक, सीरिया, लेबनॉन, ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन) आणि सौदी अरेबिया हे आरंभीचे सदस्य होते; येमेनने काही आठवड्यांनी सही केली. कोणतेही स्वतंत्र अरब राष्ट्र सदस्य होऊ शकेल, असे करारात म्हटले आहे. धर्माची अट त्यात नाही. मात्र अरब राष्ट्रवादाच्या उत्साही समर्थकांना जे एकसंध राष्ट्र हवे होते, ते या करारात कोठेही नाही, हे आवर्जून सांगायला हवे. सातव्या कलमानुसार एकमताने झालेला निर्णय सर्वांना बंधनकारक असतो, पण बहुमताने झालेला निर्णय केवळ तो मान्य करणाऱ्यांनाच लागू होतो. याचा अर्थ, एकतेच्या घोषणेखाली प्रत्येक राजाने आणि प्रत्येक सरकारने आपले सार्वभौमत्व जपून ठेवले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर कैरोत भरलेल्या परिषदेत सैन्य पाठवण्याच्या ठरावाला केवळ १२ सदस्यांचा पाठिंबा मिळाला. एका अरब राष्ट्राने दुसरे अरब राष्ट्र नकाशावरून पुसले असतानाही अरब लीग दुभंगली, त्याचे मूळ या रचनेतही आहे.

ओआयसीची कहाणी वेगळ्या जागी सुरू होते. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने खिलाफत रद्द केली आणि मुस्लिम जगातील, निदान नावापुरते का होईना, एक सामायिक केंद्र संपले. या घटनेचे पडसाद आपल्या मुंबईतही उमटले होते, कारण खिलाफत चळवळीच्या अखिल भारतीय समितीचे कार्यालय मुंबईतच होते आणि भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही त्या काळाची आठवण सांगते. १९२६ मध्ये कैरो येथे या प्रश्नावर परिषद झाली, पण नवा खलिफा ठरला नाही. ही पोकळी राष्ट्रांच्या संघटनेने भरावी, ही कल्पना पुढची अनेक वर्षे केवळ चर्चेतच राहिली.

तिला बळ मिळाले ते १९६० च्या दशकात, आणि येथेच या दोन प्रेरणांची टक्कर स्पष्ट दिसते. इजिप्तचे गमाल अब्देल नासर अरब राष्ट्रवादाचे सर्वांत मोठे नेते होते. राजेशाह्या उलथून अरबांचे एक प्रजासत्ताक उभारावे, ही त्यांची हाक सौदी राजघराण्याला थेट धोका वाटत होती. १९६२ पासून येमेनमधील यादवी युद्धात इजिप्तचे सैन्य एका बाजूला आणि सौदी पैसा व शस्त्रे दुसऱ्या बाजूला होती. नासर यांच्या अरब एकतेला उत्तर म्हणून राजे फैसल यांनी इस्लामी एकतेची कल्पना पुढे केली आणि १९६५-६६ मध्ये त्यासाठी अनेक देशांचे दौरे केले. नासर यांनी तिला अर्थातच विरोध केला, कारण इस्लामच्या नावाने मंडळ जमले तर त्यात इराणचे शाह आणि तुर्कस्तान यांच्यासारखे पाश्चिमात्य गटातील अरबेतर देश येणार आणि अरब जगातील इजिप्तचे नेतृत्व पातळ होणार, हे त्यांना दिसत होते. धर्माच्या नावाने मांडलेली ही योजना शीतयुद्धातील बाजू निवडण्याचीही योजना होती, हे विसरून चालणार नाही.

जून १९६७ मधील युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवाने नासर यांचे बळ खचले. २१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माथेफिरूने जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीला आग लावली, आणि महिनाभरातच, म्हणजे २२ ते २५ सप्टेंबर या काळात, मोरोक्कोतील रबात येथे पहिली इस्लामी शिखर परिषद भरली. मलेशियाचे टुंकू अब्दुल रहमान संघटनेचे पहिले सरचिटणीस झाले. अरब नसलेल्या व्यक्तीची ही निवड बोलकी होती, कारण अरब लीगचे सरचिटणीसपद आजवर एका ट्युनिशियन व्यक्तीचा अपवाद सोडता इजिप्तकडेच राहिले आहे. संघटनेची सनद १९७२ मध्ये झाली आणि मुख्यालय जेद्दाह येथे आले, तेही जेरुसलेम मुक्त होईपर्यंतची तात्पुरती जागा म्हणून. ‘इस्लामी परिषद संघटना’ हे मूळ नाव बदलून ‘इस्लामी सहकार्य संघटना’ हे आजचे नाव २०११ मध्ये अस्ताना येथे स्वीकारले गेले.

फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो भांडणाच्या वेळी. १९८० ते १९८८ या काळात चाललेले इराण-इराक युद्ध या दोन व्यासपीठांवर दोन निरनिराळ्या स्वरूपांत मांडले गेले. अरब लीगच्या दृष्टीने ते एका अरब राष्ट्राचे अरबेतर शेजाऱ्याशी युद्ध होते, आणि नोव्हेंबर १९८७ मधील अम्मान परिषदेने इराणचा स्पष्ट निषेध केला. ओआयसीत मात्र दोन्ही देश सदस्य असल्याने तिला मध्यस्थाचीच भूमिका घ्यावी लागली; १९८१ मध्ये तिने एक शांतता समिती नेमली आणि त्या समितीत गिनीचे अहमद सेकू तुरे, पाकिस्तानचे झिया-उल-हक, बांगलादेशचे झियाउर रहमान अशी अरबेतर मंडळीही होती. मध्यस्थी यशस्वी झाली नाही. अरब लीगचा सदस्य असलेला सीरिया तर त्या युद्धात इराणच्या बाजूने उभा राहिला, कारण दमास्कस आणि बगदाद येथील दोन बाथ राजवटींचे आपसात पराकोटीचे वैर होते. भाषेची ओळख असो वा धर्माची, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याची भीती दोन्हींवर मात करते, हे या एका युद्धाने जितके दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

आखाताच्या मुखाशी असलेल्या अबू मुसा आणि दोन टुंब बेटांचेही असेच आहे. १९७१ च्या नोव्हेंबरअखेर इराणने ती ताब्यात घेतली. संयुक्त अरब अमिरातीचा त्यांवरील दावा अरब लीग आपल्या ठरावांतून पुन्हापुन्हा उचलून धरते, पण ओआयसीच्या बैठकीत इराण स्वतः समोर बसलेला असतो. उलट म्यानमारमधील रोहिंग्यांचा प्रश्न अरब लीगच्या चौकटीत बसत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील छोट्याशा गांबियाने तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला तेव्हा त्याच्या पाठीशी ओआयसी होती. नील नदीवरील इथिओपियाच्या धरणाच्या वादात मात्र इजिप्तने अरब लीगचा आधार घेतला, कारण तेथे प्रश्न धर्माचा नव्हता, अरब राष्ट्रांच्या पाण्याचा होता.

इजिप्तची हकालपट्टी आणि पुनरागमन हे उदाहरणही अभ्यासण्याजोगे आहे. १९७९ मध्ये इस्रायलशी शांतता करार केल्याबद्दल इजिप्तला दोन्ही संघटनांनी निलंबित केले आणि अरब लीगचे मुख्यालय कैरोहून ट्युनिसला गेले. ओआयसीने इजिप्तला १९८४ मध्येच परत घेतले, त्यासाठी आग्रह धरण्यात झिया-उल-हक आणि सेकू तुरे हे अरबेतर नेते पुढे होते. अरब लीगने दार उघडले ते १९८९ मध्ये. सीरियाच्या बाबतीत क्रम उलटा झाला. अरब लीगने २०११ मध्ये केलेले निलंबन मे २०२३ मध्ये मागे घेतले, राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद सत्तेवर असतानाच. ओआयसीने मात्र २०१२ मधील निलंबन असद यांची राजवट कोसळल्यानंतर, मार्च २०२५ मध्ये उठवले. त्यामुळे एक संघटना मवाळ आणि दुसरी कडवी, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. त्या त्या वेळी कोणत्या सदस्याचे वजन कोठे पडते, त्यावर निर्णय ठरतो.

ओआयसीच्या नावात धर्म असला तरी ती धर्मसंस्था नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ती सरकारांची संघटना आहे. युगांडा आणि गॅबॉन हे ख्रिस्ती बहुसंख्येचे देश १९७४ पासून तिचे सदस्य आहेत, कारण त्या वेळी तेथे इदी अमीन आणि ओमर बोंगो हे मुसलमान राज्यकर्ते होते. मार्च २०१९ मध्ये अबुधाबी येथील बैठकीत तिने, चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइघुर मुसलमानांची स्थिती जगभर गाजत असताना, चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची जी काळजी घेतो त्याबद्दल त्याची प्रशंसा केली. मला हा ठराव अत्यंत क्लेशदायक वाटतो. श्रद्धेच्या नात्याने जोडलेल्या माणसांचा आवाज आणि त्यांच्या नावाने बोलणाऱ्या सरकारांचा आवाज यांतील अंतर त्यातून उघड होते.

अरब लीगमध्येही अशीच उलटी बाजू आहे. मार्च २०१२ मध्ये तिची शिखर परिषद बगदादला भरली तेव्हा यजमान देशाचे राष्ट्राध्यक्ष जलाल तालबानी आणि परराष्ट्रमंत्री होशियार झेबारी हे दोघेही कुर्द होते. अरबांच्या परिषदेचे यजमानपद अरबेतर व्यक्तींनी भूषवले, यात त्या देशाच्या समाजरचनेचे वास्तव दिसते, आणि कुर्द तसेच उत्तर आफ्रिकेतील बर्बर समाज यांना अरब राष्ट्रवादाच्या व्याख्येत जागा किती, हा प्रश्नही कायम राहतो.

भारताच्या दृष्टीने हा फरक केवळ अभ्यासाचा विषय नाही. १९६९ च्या रबात परिषदेला भारताला निमंत्रण मिळाले होते. केंद्रीय मंत्री फख्रुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन पोहोचलेही, पण पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि भारताला बाहेर राहावे लागले. आज ओआयसीच्या सनदेत नव्या सदस्यासाठी मुस्लिम बहुसंख्या आणि सर्वसहमती या दोन्ही अटी आहेत. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक असूनही भारत पहिल्या अटीत बसत नाही आणि पाकिस्तान सदस्य असेपर्यंत दुसरीही पुरी होणे कठीण आहे. १९९४ पासून ओआयसीत जम्मू-काश्मीरसाठी संपर्क गट आहे. अरब लीगशी मात्र भारताचे संबंध २००२ च्या सामंजस्य करारापासून संस्थात्मक पातळीवर वाढत गेले, २००८ मध्ये सहकार्य मंच स्थापन झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये बहारीनची राजधानी मनामा येथे परराष्ट्रमंत्र्यांची पहिली बैठक झाली. या व्यासपीठावर पाकिस्तान नाही, आणि चर्चेत तेल, व्यापार व आखातात काम करणारे लाखो भारतीय हे विषय पुढे येऊ शकतात. कोकणातल्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे कुवेत, दुबई, मस्कतला गेली, त्यांच्यासाठी हे विषय रोजच्या जगण्याचे आहेत.

१ मार्च २०१९ रोजी अमिरातीच्या निमंत्रणावरून सुषमा स्वराज यांनी अबुधाबीत ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांसमोर सन्माननीय पाहुण्या म्हणून भाषण केले आणि ऋग्वेदातील ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ हे वचन उद्धृत केले. पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या बैठकीवर बहिष्कार घातला. यजमानांच्या प्रभावाखाली तयार झालेल्या अबुधाबी जाहीरनाम्यात काश्मीरचा उल्लेख आला नाही. त्याच बैठकीतील स्वतंत्र ठरावात मात्र काश्मीरवर भारताविरुद्ध कडक भाषा आली. एक अरब राष्ट्र भारताला सन्मानाने बोलावते आणि ते ज्या इस्लामी मंचाचे यजमान आहे तोच मंच भारतावर टीका करतो, या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत घडल्या. त्यामुळे ‘मुस्लिम देशांनी भारताची पाठराखण केली’ किंवा ‘मुस्लिम देश भारताविरुद्ध गेले’ असा मथळा वाचताना ठराव अरब लीगचा आहे की ओआयसीचा, तो संयुक्त जाहीरनाम्यातला आहे की एखाद्या सदस्याच्या आग्रहाने मांडलेल्या स्वतंत्र ठरावातला, आणि ज्या राजधान्यांशी भारताचा प्रत्यक्ष व्यवहार आहे त्यांनी स्वतःच्या नावाने काय म्हटले आहे, हे आधी तपासावे लागते.