मुरूम जातो कुठे?

चोपडा तालुक्यात आमचं केळीचं वावर डांबरी सडकेपासून ४०० मीटर आत आहे. या ४०० मीटरवर आम्ही तीन वर्षं ओळीने मुरूम टाकला. वैशाखात तांबूस रस्ता उठून दिसायचा आणि पोळ्यापर्यंत पुन्हा काळा गारा. ट्रक आत येईना, मग मजुरांनी घड खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत यायचं. चौथ्या वर्षी डंपर सांगण्याआधी मी वडिलांना म्हटलं, "आबा, आधीचा मुरूम गेला कुठे ते तरी बघू."

चाकोरीत टिकावाने हातभर खड्डा घेतला. मुरूम तिथेच होता. पण वीतभर जाडीच्या काळ्या मातीत त्याचे खडे लाडवातल्या बेदाण्यांसारखे विखुरलेले होते. एकही खडा दुसऱ्याला टेकलेला नव्हता.

सगळी गोम इथेच आहे. रस्ता म्हणजे ओझं पसरवायची सोय. चाकाचा भार एका खड्याने खालच्या दोघातिघांना द्यायचा, त्यांनी आणखी खालच्यांना, आणि जमिनीपर्यंत पोचेतो तो परातीएवढ्या जागेवर पसरायचा. त्यासाठी खड्याला खडा टेकलेला हवा. मध्ये ओली माती शिरली की खडे तिच्यात तरंगतात, आणि मग रस्त्याची ताकद मुरमाची राहत नाही, चिखलाची होते. प्रत्येक चाकासरशी खडा थोडा खाली जातो, गारा थोडा वर चढतो. जमीन मुरूम गिळते असं आपल्याकडे म्हणतात, ते शब्दशः खरं आहे.

काळी माती असं का वागते? तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. वहीच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे असतात, एकेक पापुद्रा साधारण १ नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाणी या पानांमध्ये शिरतं आणि पानं लांब सारतं. शुद्ध खनिजाच्या १ ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून मांडले तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा भरते. चिमटीत मावणाऱ्या खनिजात सात-आठ गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून ठेवते म्हणूनच पाऊस लांबला तरी कपाशी तग धरते. उन्हाळ्यात तीच माती आकसते. मे महिन्यात बांधाजवळच्या भेगेत मी तुराटी सोडली, ती दोन फूट आत गेली. दरवर्षी अशी फुगणारी आणि आकसणारी जमीन रस्त्याला पाया म्हणून मिळते.

मला यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. खडी, मुरूम आणि काळी माती ही तिन्ही एकाच दगडाची रूपं आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झाला. ताजा बेसाल्ट फोडला की खडी, अर्धवट कुजला की मुरूम, पुरता कुजला की काळी. म्हणजे मुरूम हा मातीच्या वाटेवर निघालेला दगड आहे, आणि तो किती पुढे गेलाय ते विकत घेण्याआधी पाहायला हवं. मूठभर मुरूम रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटांनी चुरून त्याचा लगदा होत असेल तर तो रस्त्यावरही तसाच होणार. तापीच्या काठाला गाळाची जमीन इतकी खोल आहे की मुरूम लांबूनच आणावा लागतो, त्यामुळे ही पारख आणखी महत्त्वाची. सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांत गोटे भरपूर मिळतात आणि जवळही पडतात. पण गोल गोटा चाकाखाली घरंगळतो, टोकदार खडी एकमेकींत अडकून बसते. तळाला गोटे घालायचेच असतील तर फोडून घालावेत.

स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम १८१६ पासून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम पाहत होता. त्याच्या आधी मोठाले धोंडे रचून पाया करायची रीत होती. मॅकॅडमचं म्हणणं असं की भार शेवटी खालची जमीनच पेलते, आणि ती कोरडी राहिली तर बुडू न देता पेलते. फोडलेल्या बारीक खडीचा थर त्याला हवा होता तो मुख्यतः जमिनीवरचं छप्पर म्हणून. आम्ही तीन वर्षं पैसे मुरमात घातले, पाण्याकडे पाहिलंच नाही. आमची पाणंद, म्हणजे वावरात जायची वाट, दोन्हीकडच्या वावरांपेक्षा फूटभर खाली होती. वर्षानुवर्षं गाड्यांनी घासून आणि बांधाची माती चढून बहुतेक पाणंदी अशाच खोलगट झालेल्या असतात. पावसाळ्यात तो रस्ता राहत नाही, नाला होतो.

म्हणून या वेळी आधी दोन्ही बाजूंनी दीड-दोन फूट खोल चारी काढली, निघालेल्या मातीने मधला भाग उचलून दाबून घेतला आणि उतारावर पाणी ओलांडतं तिथे सिमेंटचे पाईप टाकले. रस्त्याला पाठ दिली: ३ मीटर रुंदीला मध्यभाग कडांपेक्षा ६ सेंटिमीटर उंच. अडीच इंचांपेक्षाही कमीच, पण तेवढ्याने पाणी थांबत नाही.

मग माती आणि मुरूम यांची फारकत. सोपा उपाय जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे मधे अंथरायचं जाड कृत्रिम कापड. त्यातून पाणी जातं, माती जात नाही. दुसरा उपाय चुन्याचा. वरच्या वीतभर मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के चुन्याची भुकटी मिसळून, पाणी मारून दाबायची (डोळे आणि हात जपून, चुना भाजतो). चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांना जवळ ओढतं, मातीचे कण गोळा होतात आणि फुगणं कमी होतं. पुढे महिनोन्महिने चुना आणि माती मिळून सिमेंटसारखा घट्ट पदार्थ तयार होत राहतो. मी घरी दोन पेले मांडले होते. एकात काळीचं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्यात चुना मिसळून आठवडाभर ओलसर ठेवलेलं. पाणी ओतल्यावर पहिलं बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरघळून पेल्याच्या तळाशी बसलं. दुसरं संध्याकाळपर्यंत तसंच होतं. आबांनी ते बोटाने दाबून पाहिलं आणि चुन्याच्या गोण्या सांगितल्या.

मुरमाचा हिशोब सोपा आहे. ४०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबून २० सेंटिमीटर जाड म्हणजे २४० घनमीटर. १ ब्रास २.८३ घनमीटरचा, तेव्हा ८५ ब्रास, आणि सुटा मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त धरायचा. उत्खननाची परवानगी असलेल्या खाणीतूनच घ्यावा, मुरूम गौण खनिजात मोडतो. आणि सगळा एकदम ओतू नये. दहा-दहा सेंटिमीटरचे दोन थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर. पाणी किती? मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. कोरडा मुरूम दबत नाही आणि अति ओला रोलरखालून सरकतो.

अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान मोठी रस्ता-चाचणी झाली. तिच्यातून निघालेला अंदाज असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर पक्क्या रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते. कच्च्या रस्त्याला हाच आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, पण रोख तोच. पावसाळ्यात भरगच्च एका फेरीपेक्षा अर्ध्या मालाच्या दोन फेऱ्या रस्त्याला कितीतरी हलक्या जातात. ट्रकवाल्याला हे पटवणं अवघड आहे, पण मी दरवेळी सांगतो.

आता दोन पावसाळे गेले. चाकोरी पडलेली नाही, पण आडव्या लाटा उठतात, ज्यांवरून मोटारसायकल खडखडते. वाळू भरलेल्या गोल फिरत्या मांडणीवर चाक चालवून २००७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की ठरावीक वेगाच्या पुढे अशा लाटा आपोआप उठतात, स्प्रिंग नसलेल्या साध्या चाकाखालीही. म्हणून वळणावर आम्ही सगळ्यांना हळू जायला सांगतो, आणि पहिल्या पावसानंतर ओल असतानाच ट्रॅक्टरमागे जड लोखंडी पट्टी ओढून रस्ता सारखा करतो. कोरड्यात ओढली तर मुरमातला बारीक चुरा धूळ होऊन केळीच्या पानांवर जाऊन बसतो आणि रस्त्यावर नुसते सुटे खडे उरतात.