नारळ शाबूत, मडगार्ड तडकलेला

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुना माड आहे. जूनच्या पहिल्याच वाऱ्यात त्याचा एक नारळ खाली उभ्या स्कूटरवर आला. मडगार्ड तडकला. नारळ टुणकन उसळून गटाराच्या कडेला जाऊन बसला, अंगावर साधी खोकसुद्धा नाही. स्कूटरवाले शेजारी माड तोडायच्या गोष्टी करू लागले. मी प्लास्टिकच्या धंद्यातला, त्यामुळे तडा कुठून सुटलाय ते वाकून बघत बसलो. तो बरोबर स्क्रूच्या भोकातून निघाला होता.

दीड किलोचा नारळ 15 मीटरवरून सुटला, तर खाली येईतो त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या घरात जातो आणि अंगात सुमारे 220 जूल ऊर्जा असते. वाशीच्या बाजारातला 100 ग्रॅमचा कांदा 1 मीटरवरून टाकला, तर जेमतेम 1 जूल. एवढा दणका बसूनही आतली करवंटी फुटत नाही, ही सगळी सोडणाची करामत. त्यातले काथ्याचे धागे ताणतात, भोवतीच्या भुशातून सुटतात, एकमेकांवर घासतात, आणि दर वेळी थोडी थोडी ऊर्जा खाऊन टाकतात.

हीच युक्ती प्लास्टिकमध्ये आणायचा खटाटोप म्हणजे वनस्पतितंतूंची संमिश्रं. ताग, काथ्या, घायपात, अंबाडी यांचे तंतू पॉलीप्रॉपिलीन किंवा इपॉक्सीसारख्या राळेत, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये, बसवायचे. काचतंतूंच्या तुलनेत ते बरेच हलके: काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, तागाची साधारण दीडपट. गाड्यांच्या दारांची आतली पॅनेलं अशी बनतातही. पण दणका सोसण्यात काच अजून बहुतेकदा पुढेच आहे, हे कबूल करायला हवं.

दणका मोजायची रीत शंभर वर्षांहून जुनी. शार्पी यांची चाचणी 1901 ची, आयझॉड यांची 1903 ची. लंबकाचा हातोडा ठरावीक उंचीवरून सोडायचा, वाटेत नमुन्याची पट्टी ठेवायची. पट्टी मोडून हातोडा पलीकडे जितका कमी वर चढला, तितकी ऊर्जा पट्टीने खाल्ली. शार्पीत पट्टी दोन टेकूंवर आडवी, आयझॉडमध्ये खालून आवळून उभी.

गंमत खाचेत आहे. बऱ्याचदा पट्टीवर आधीच एक बारीक खाच पाडतात, कारण सगळा ताण खाचेच्या टोकाशी गोळा होतो. स्क्रूचं भोक म्हणजे तशीच खाच. बिनखाचेचं पॉलीप्रॉपिलीन भलतंच चिवट असतं. त्यात आखूड तंतू घातले की प्रत्येक तंतूचं टोक तडा सुरू व्हायची जागा होतं आणि खाल्लेल्या ऊर्जेचा आकडा धाडकन खाली येतो. खाच पाडलेल्या पट्टीत मात्र तडा ठरलेलाच असतो. तिथे तेच तंतू त्याची वाट अडवतात आणि आकडा अनेकदा वर जातो. तेव्हा कुणी नुसतं ‘दणका सोसण्याची ताकद वाढली’ म्हणालं, तर खाच होती का, एवढं आधी विचारावं.

तंतू राळेला जितका घट्ट चिकटेल तितकं बरं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. वनस्पतितंतूला पाण्याची ओढ, पॉलीप्रॉपिलीनला पाण्याचं वावडं, म्हणून तंतू कॉस्टिक सोड्यात धुतात, नाहीतर मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड नावाचं रसायन जोडलेलं पॉलीप्रॉपिलीन थोडं मिसळून दोघांची सोयरीक जमवतात. त्याने ताणल्यावर न तुटायची ताकद वाढते. पण पकड फारच घट्ट झाली, तर तडा तंतूपाशी न थबकता त्याला कापूनच सरळ पुढे जातो. पकड जरा सैल असेल, तर तंतू आधी सुटतो, मग जमिनीतून गवत उपटावं तसा घासत बाहेर येतो. या घासण्यातच बरीच ऊर्जा जिरते. सूक्ष्मदर्शकाखाली फरक लगेच दिसतो: एका तुकड्याचं तोंड दाढी केल्यासारखं, दुसऱ्यावर केस आणि भोकं. अगदीच सैल पकडही कामाची नाही, कारण मग तंतूवर भारच येत नाही.

ओढून बघितलं तर तागापुढे काथ्या कितीतरी दुबळा. पण त्याच्या आतले सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू अक्षाशी 30 ते 45 अंशांनी, स्प्रिंगसारखे वळलेले असतात. तागात हा कोन 8 अंशांच्या आसपास. म्हणून ताग दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काथ्या मात्र 15 टक्क्यांच्याही पुढे ताणत जातो.

उरतो आपला पावसाळा. तंतू पाणी पितो, फुगतो आणि राळेपासून सुटू लागतो. काही संमिश्रं ओली झाल्यावर दणका जास्त सोसतात, पण ताठपणा गमावून बसतात. शिवाय साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर तंतू करपू लागतो, त्यामुळे जास्त तापमानाला वितळणारी प्लास्टिकं या खेळातून जवळपास बादच.

शेजाऱ्यांनी नवा मडगार्ड आणला आणि स्क्रू पुन्हा तसाच करकचून आवळला. मी रबरी वायसर सुचवला. त्यांनी स्कूटरच माडाखालून हलवली.