टीएसडी, जिमखाना की ऑटोक्रॉस? ठाणे-नवी मुंबईच्या कार क्लब सदस्यांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

रविवारी पहाटे वाशीला जमायचं, लोणावळ्यापर्यंत जायचं, मिसळ खाऊन परत यायचं, ही झाली सहल. तिला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच ताफ्यात ‘आधी कोण पोचतो’ सुरू झालं, की मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 189 आडवं येतं. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी केली, तर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद 1 वर्षापर्यंत आणि दंड 10 हजारांपर्यंत. पाम बीच रोड रात्री कितीही मोकळा दिसला, तरी तो सार्वजनिक रस्ताच आहे.

हौस रीतसर भागवायची, तर एफएमएससीआयच्या (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया) मान्यतेच्या स्पर्धेत उतरा. देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन ही राष्ट्रीय संघटना करते. नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर त्याच्या नावावर स्पर्धा भरवता येणार नाही. पण सदस्य म्हणून तुम्ही दुसऱ्या मान्यताप्राप्त आयोजकाकडे अर्ज करू शकता.

नवख्यांनी टीएसडी रॅलीपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचं गणित. गाडी रोजच्या वापरातली चालते, रस्ता वाहतुकीला खुला असतो आणि दिलेला सरासरी वेग कायदेशीर मर्यादेच्या आतच असतो. रोडबुकमध्ये वळणांच्या खुणा आणि अंतरं दिलेली असतात. ताशी 36 किलोमीटर वेग दिला असेल, तर 1 किलोमीटरला बरोबर 100 सेकंद. वेळ नोंदवणाऱ्या मधल्या चौक्या कुठे आहेत ते सांगत नाहीत. उशिरा पोचलात तर दंडगुण, लवकर पोचलात तरी दंडगुण, आणि अनेक स्पर्धांत लवकर येणाऱ्याला ते जास्त बसतात. इथे जिंकून देतो तो शेजारी बसलेला नेव्हिगेटर, म्हणून हिशेबाला पक्का जोडीदार आधी शोधा. (घोडबंदर रोडवर ताशी 36 ची सरासरी राखणं ही वेगळीच स्पर्धा झाली.)

जिमखान्यात डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेला मार्ग एकेका गाडीने घड्याळ लावून पुरा करायचा असतो. शंकू पडला की वेळेत सेकंद वाढतात. ऑटोक्रॉस हाच प्रकार मातीच्या ट्रॅकवर, पण वेग जास्त आणि गाडीची झीजही बरीच. कर्जाचे हप्ते चालू असलेली नवी गाडी तिथे नेण्याआधी दोनदा विचार करा. स्टेज रॅलीला बंद केलेले रस्ते, रोल केज (गाडीच्या आतला संरक्षक सांगाडा), अग्निरोधक सूट, मान सांभाळणारं साधन हे सगळं लागतं. ती पुढची पायरी. फोर बाय फोरवाल्यांसाठी एकच सूचना: येऊर हे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, ऑफ-रोडचं मैदान नाही.

पात्रता सोपी आहे. गाडी चालवणाऱ्याचं वय 18 पूर्ण आणि कायम ड्रायव्हिंग लायसन्स हवं. लर्निंग चालत नाही. त्याशिवाय एफएमएससीआयचं स्पर्धा-लायसन्स लागतं. अर्ज ऑनलाइन करायचा. फोटो, वयाचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन्स, रक्तगट आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र स्कॅन करून हाताशी ठेवा. लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतं असतं, त्यामुळे नोव्हेंबरात काढलेलं जानेवारीत उपयोगी पडत नाही.

आयोजकाच्या प्रवेश अर्जासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, चालक आणि नेव्हिगेटर दोघांची ओळखपत्रं आणि जोखीम स्वतःची असल्याचं हमीपत्र द्यावं लागतं. गाडी एमएच-04 असो, एमएच-43 असो की पनवेलची एमएच-46, त्याने फरक पडत नाही. आरसीवर नाव कुणाचं, त्याने पडतो. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर त्यांचं सहीचं संमतीपत्र जोडा.

खरी मेख विम्यात आहे. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडीच्या भरवशाची चाचणी) वगळलेल्या असतात. रॅलीसाठी आयएमटी-31 नावाची जोडपुरवणी (एंडोर्समेंट) असते. जादा हप्ता भरून, स्पर्धेचं नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक लिहून ती पॉलिसीला जोडून घ्यायची. मात्र तिच्यातही शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, आणि रॅलीदरम्यान गाडीत बसलेल्यांच्या इजेची जबाबदारीही विमा कंपनी घेत नाही. म्हणजे ऑटोक्रॉसमध्ये बंपर गेला, तर खर्च तुमच्या खिशातून, आणि नेव्हिगेटरचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा पाहायचा. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर उत्तर ईमेलवर मागा.

क्लबलाच जिमखाना भरवायचा असेल, तर एफएमएससीआयची परवानगी, जागामालकाचं पत्र (भूखंड सिडकोचा असेल तर सिडकोचं), ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचं ना-हरकत, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय, एवढी तयारी लागते. जागेचं पत्र हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

स्पर्धेआधी गाडीची तपासणी होते. टायर, ब्रेक, सीटबेल्ट, ब्रेकलाइट बघतात. बॅटरी हलते का, डिकीत सुटं सामान आहे का, तेही पाहतात. जिमखाना आणि ऑटोक्रॉसला हेल्मेट लागतं, मानांकन काय हवं ते नियमावलीत वाचा. डिजिलॉकरमधली आरसी वाहतूक पोलिसांना चालते, तरी तपासणीच्या टेबलावर मूळ कागद आणि सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच घेऊनच जा.