मोठ्या कुत्र्याच्या जठराला पडणारा पीळ

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड किंवा डॉबरमन घरी आणला की हल्ली दुकानदार सोबत एक स्टँडही सुचवतात. बाऊल उंचावर असला की मोठ्या कुत्र्याला अन्न नीट पचतं, पोट फुगत नाही, असं त्यांचं म्हणणं. एके काळी हाच सल्ला पशुवैद्यही देत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ मोठ्या आणि महाकाय जातींच्या १,६३७ कुत्र्यांचा पाठपुरावा केला. २००० साली त्याचे निष्कर्ष आले ते नेमके उलटे: उंच बाऊलमधून खाणाऱ्यांना जठराचा पीळ पडण्याचा धोका जास्त दिसला. हा निरीक्षणातून निघालेला संबंध आहे, त्यावरून बाऊललाच कारण ठरवता येत नाही. पण उंचीमुळे संरक्षण मिळतं या दाव्याला त्यात कुठेच आधार नाही. तरी स्टँड विकले जातात, याची मला चीड येते, कारण ज्या आजाराच्या नावाने ते विकले जातात तो काही तासांत जीव घेतो.

हा आजार समजून घ्यायचा तर आधी जठर पोटात कसं बसलेलं असतं ते पाहू. त्याच्या एका टोकाला अन्ननलिका, दुसऱ्या टोकाला लहान आतडं. मधली पिशवी यकृत आणि प्लीहेला पातळ बंधांनी सैलसर जोडलेली असते. भरल्यावर ती फुगायला हवी, म्हणून हा सैलपणा मुळातच ठेवलेला. घाईघाईने खाताना कुत्रा भरपूर हवाही गिळतो. एरवी ती ढेकरांतून निघून जाते. पण छाती खोल आणि अरुंद असेल, वय झालं असेल, जठर वारंवार ताणलं गेलं असेल, तर फुगलेली पिशवी आपल्या जागेवरून सरकते आणि फिरते. उजव्या बाजूचं आतड्याकडचं तोंड पोटाखालून डावीकडे जातं आणि वर चढतं. गोळीचा कागद दोन्ही टोकांना पिळावा तसं होतं: अन्ननलिका बंद, आतड्याची वाटही बंद. आता ढेकर नाही, उलटी नाही. आतला वायू मात्र वाढत राहतो.

खरा घात यापुढे होतो, आणि तो पोटात नव्हे, रक्ताभिसरणात. धमन्यांच्या भिंती जाड, त्यांतला दाब जास्त. शिरांच्या भिंती पातळ, दाब अगदी कमी. त्यामुळे फुगलेलं जठर दाबतं ते आधी शिरांना. धडाच्या मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर चेपली जाते, आतड्यांतून यकृताकडे जाणारी शीरही. रक्त मागेच तुंबतं, हृदयाला भरायला पुरेसं मिळत नाही, रक्तदाब कोसळतो. इकडे प्लीहा जठराबरोबर ओढली जाते, दोघांमधल्या छोट्या धमन्या तुटतात आणि जठराची भिंत काळी पडून मरू लागते. प्राणवायू न मिळालेल्या ऊती लॅक्टेट (प्राणवायूविना ऊर्जा बनवताना निघणारा पदार्थ) तयार करतात. पीळ सोडवल्यावरही संकट टळत नाही. अडकलेलं रक्त आपल्यासोबत पोटॅशियम, आम्ल आणि जिवाणूंची विषं घेऊन एकदम हृदयाकडे येतं. प्राणवायू परत मिळताच ऊतींत मुक्त मूलकं, म्हणजे फार क्रियाशील रेणू, तयार होतात, ती पेशींची आवरणं फाडतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि ईसीजीवर लक्ष ठेवावं लागतं.

अशा कुत्र्याला सलाइन पुढच्या पायातून लावतात. मागच्या पायातून दिलेलं पाणी त्याच दबलेल्या शिरेपाशी अडणार. एवढ्या एका गोष्टीतून सगळी यंत्रणा कळते, म्हणून मला ती फार आवडते.

घरी ओळखायची खूण म्हणजे कोरड्या ओकाऱ्या. कुत्रा जोर लावतो, पण फेसाळ लाळेशिवाय काही पडत नाही. तो एका जागी टिकत नाही, वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघतो. खोल छातीच्या कुत्र्यात फुगलेलं जठर सुरुवातीला बरगड्यांखाली लपतं, त्यामुळे पोट फुगलेलं दिसेलच असं नाही. अशा वेळी ओवा, हिंग, खायचा सोडा, ताक यातलं काहीही पाजू नये. वाटच बंद आहे, ते आत जाणार कुठे? सोडा तर आम्लाशी मिसळून आणखी वायू करतो. कुणी दृष्ट काढायला बसतं, त्यात गेलेला अर्धा तास कुत्र्याच्या जिवावर बेततो. पशुवैद्याला फोन करून निघावं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आहाराबद्दल इतकंच, की दिवसातून एकदा भात-चिकनचं भलं मोठं घमेलं पुढे ठेवायची सवय सोडावी. तेच अन्न दोन-तीन वेळांत वाटावं. बकाबक खाणाऱ्याला आत उंचवटे असलेला बाऊल द्यावा, तोही जमिनीवर ठेवून. घरात दोन कुत्री असतील तर त्यांना वेगवेगळं वाढावं, कारण चढाओढीत वेग वाढतो. महाकाय जातींत जठर-आतड्यांचं वजन शरीराच्या तीनेक टक्के असतं, छोट्या जातींत सातेक टक्के. मोठ्या कुत्र्यांना शी पातळ होण्याचा त्रास जास्त का, याचं एक कारण हे. खाद्य बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू बदलावं.

आणि ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य चालत नाही’ हा प्रचार निराधार आहे. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३०. शिजवलेला भात, भाकरी त्याला पचते. कांदा-लसूण आणि मनुका मात्र विषारीच.

ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा पीळ पडून गेला आहे, त्या कुत्र्याचा धोका वाढतो. पिल्लू घेताना हे विचारावंच. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या उजव्या भिंतीला शिवून घेता येतं, याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. ग्रेट डेनच्या बाबतीत याचा विचार जरूर करावा. मात्र शिवलेलं जठर फिरत नसलं तरी फुगू शकतं, त्यामुळे जेवण वाटून देणं त्यानंतरही चालूच ठेवावं लागतं.