मूळ चित्र व छापील प्रत यांची पारख (बडोदे)

चित्र हाताने रंगवले आहे की छापले आहे, आणि रंगवले असल्यास कोणी, हे ठरवण्याची पद्धत. बडोद्यात हा प्रश्न बहुधा राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या नावाने निघतो. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. त्यांची चित्रे छापून घराघरांत पोचवावीत असे सुचवणाऱ्यांत बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव होते. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी मराठी देवघरांत पोचल्या. ‘आमच्याकडे ओरिजिनल रविवर्मा आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा भिंतीवर बहुधा हीच तसबीर असते.

या तसबिरींना ओलिओग्राफ म्हणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून कागदावर एकावर एक रंग छापत. मग वार्निश चढवून तैलचित्राचा पोत दाबून उठवत. म्हणून नुसता हात फिरवून खात्री करणे फसवे. हा पोत चित्राला जुमानत नाही : शालूच्या जरीवर जसा, तसाच मागच्या अंधारावरही. खऱ्या तैलचित्रात दागिन्यावरचा उजेडाचा ठिपका रंगाचा स्वतंत्र उंचवटा असतो, आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते.

पुढची परीक्षा दहापट भिंगाची. ओलिओग्राफमध्ये गालाच्या छटेत बारीक, अनियमित ठिपके दिसतात. ते कारागिराने दगडावर हाताने टाकलेले असतात. अलीकडच्या ऑफसेट प्रतीत ठिपके ठरावीक जाळीत, फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. इंकजेटने कॅनव्हासवर काढलेली प्रत सर्वांत चकवते, कारण कापड खरेच असते. पण शाईचा फवारा विणीत बसलेला असतो, ब्रशचा ओघ कुठेच नसतो. तसबीर शक्य तर चौकटीतून काढून मागूनही पाहावी. जुने कापड, खिळ्यांच्या कडा, काळवंडलेले लाकूड पुष्कळ सांगून जाते.

सही शेवटी पाहावी. लोक नेमके उलटे करतात. मूळ चित्रावरची सही चित्राबरोबरच छापली जाते, शिवाय सही नसलेल्या चित्रावर ती मागाहून घालणेही अवघड नाही. जुन्या रंगाला पडलेल्या तड्यांत सहीचा रंग उतरला असेल, तर ती तडे गेल्यानंतरची. अतिनील दिव्याखाली जुने वार्निश हिरवट चमकते आणि नंतरची डागडुजी काळी दिसते. टायटॅनियम पांढरा चित्रकारांच्या हाती साधारण १९२० च्या सुमारास आला, त्यामुळे रविवर्म्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात तो सर्वत्र आढळल्यास दावा कोसळतो. एखाद्याच कोपऱ्यात आढळल्यास ती दुरुस्तीही असू शकते.

चित्र हाताचे ठरले तरी ते कोणाच्या हातचे, हे उरतेच. थोरांच्या चित्रांच्या नकला करणे हा त्या काळच्या कलाशिक्षणाचा भाग होता, आणि कित्येक नकला मूळ चित्रावरून नव्हे, तसबिरीवरून झाल्या. अशा नकलेत तसबिरीची छाटलेली चौकट आणि भडक रंग जसेच्या तसे उतरतात. हाताची बोटे आणि पदराच्या चुण्या इथे नकलाकार उघडा पडतो. ताडून पाहायला राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची अस्सल चित्रे आहेत. चित्र कोणाकडून कोणाकडे आले याची कागदपत्रे असतील, तर ती कोणत्याही दिव्याइतकीच मोलाची.

छापील म्हणजे नक्कल, हे समीकरण मात्र बडोद्यातच चुकते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत (स्थापना १९५०) मुद्राचित्रणाची (छापाच्या माध्यमातून चित्र घडवण्याची) मोठी परंपरा आहे. मुद्राचित्रकार ज्योती भट्ट तिथलेच. एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप) किंवा शिळाछाप चित्रकाराने स्वतः केला असेल, तर ती मूळ कलाकृतीच. खाली पेन्सिलीने ७/२५ असे लिहिलेले असते : २५ प्रतींपैकी सातवी. एचिंगमध्ये कागदावर पत्र्याच्या कडेचा दाबही उमटतो.

रविवर्म्यांची चित्रे १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा मानली जातात आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलाठेवा कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत.