दादागिरीने कुठवर चढता येतं?

निवडणूक जवळ आली की पेडण्यापासून फोंड्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "माणूस भला आहे हो, पण राजकारण हे त्याचं काम नव्हे." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यामागे एक पक्की समजूत असते: वर जायचं तर माणसं दमात घेता आली पाहिजेत, चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करता आला पाहिजे. ज्याला हे जमत नाही तो फार तर पंच होईल, आमदार होणार नाही. ही समजूत इतकी मुरली आहे की अनेक चांगली माणसं उमेदवारी अर्ज भरायच्या आधीच मागे सरतात. म्हणून ती खरी आहे का, हे तपासणं मला अगत्याचं वाटतं. आणि ते तपासता येतं, कारण सत्तेची चढाओढ हा विषय प्राणिशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं अभ्यासत आहेत.

सुरुवात चिंपांझींपासून करू. जनुकांच्या हिशेबात ते आपले सख्खे शेजारी, आणि त्यांच्या कळपात एक नर सर्वांच्या वर असतो. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी १९६० साली निरीक्षण सुरू केलं, ते आजही चालू आहे. तिथल्या एकाच कळपात १९८९नंतरच्या काळात तीन नर पाठोपाठ प्रमुख झाले: विल्की, फ्रॉइड आणि फ्रोडो. फ्रोडो ५१ किलोंचा, दांडगा. तो दगड भिरकावायचा, संशोधकांच्या अंगावर जायचा, खुद्द गुडॉल यांनाही त्याने सोडलं नाही. विल्की अवघा ३७ किलोंचा, कळपातल्या लहानखुऱ्या नरांपैकी एक. दोघंही शिखरावर पोचले. कसे, याचं उत्तर संशोधकांना त्यांच्या बोटांत सापडलं. चिंपांझी एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवून किडे, माती, सुटलेली खपली काढतात. ही नुसती स्वच्छता नसते, त्यातून संबंध जुळतात आणि टिकतात. विल्की सतत इतरांचे केस विंचरत बसलेला असे, नरांचे आणि माद्यांचेही. फ्रोडो स्वतः क्वचितच कुणासाठी हात चालवी. वजनाने या दोघांच्या मधला असलेला फ्रॉइड वागण्यातही मधला होता.

म्हणजे जंगलातसुद्धा वर जायची वाट एकच नाही. शरीराची ताकद कमी असेल तर नर ती उणीव मैत्रीने भरून काढतो. उलट नुसत्या ताकदीचं काय होतं, ते नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्स द वाल यांनी पाहिलं. लाउट हा नर एकास एक लढतीत कुणालाही भारी होता. १९८० साली एका रात्री येरून आणि निक्की या दोघांनी मिळून त्याला इतकं जखमी केलं की तो वाचला नाही. येरूनचं वय उताराला लागलं होतं, निक्की पोरसवदा होता. एकट्याने दोघांपैकी कुणालाही ते जमलं नसतं. आपल्या दूधसागरावर प्रवाशांच्या पिशव्या ओढणारी बॉनेट मकाक जातीची माकडं घ्या. त्यांच्यातले नर उत्तरेकडच्या ऱ्हीसस माकडांच्या मानाने एकमेकांना बरंच सांभाळून घेतात, जवळ बसतात, एकमेकांचे केस साफ करतात. पिशवीवरची झडप आपल्याला दिसते. हे बसणं कुणी थांबून बघत नाही.

आता माणसाकडे येऊ. जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ साली एक मांडणी केली, ती या विषयात फार उपयोगी पडली. माणसांच्या गटात वरचं स्थान दोन प्रकारे मिळतं, असं ते म्हणतात. एक धाकाने, दुसरं मानाने. धाक प्राण्यांमधून चालत आला आहे. मान ही मुख्यतः माणसाची कमाई, कारण आपण एकमेकांकडून शिकून जगतो आणि ज्याच्याकडून शिकण्यासारखं असतं त्याच्याभोवती आपण आपणहून जमतो. धाक समोरच्याकडून हिसकावून घेता येतो. मान दुसऱ्याने द्यावा लागतो.

यातलं काय चालतं? जोई चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात १९१ विद्यार्थ्यांना चार ते सहा जणांच्या गटांत बसवलं. कुणाची कुणाशी ओळख नाही. सगळ्यांना एक कोडं दिलं: तुमचं यान चंद्रावर कोसळलं आहे, उरलेल्या पंधरा वस्तूंपैकी कुठली आधी न्याल, कुठली शेवटी? आधी प्रत्येकाने एकट्याने यादी केली, मग गटाने चर्चा करून एक यादी ठरवली. गटाची यादी कुणाच्या यादीजवळ सरकली, हे मोजलं की कुणाचा शब्द चालला ते कळतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की धाकवाल्यांचा शब्द चालला आणि मानवाल्यांचाही चालला, जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की मानवाले गटाला आवडले, धाकवाले आवडले नाहीत. पुढच्या टप्प्यात या चर्चांची चित्रफीत दुसऱ्या लोकांना दाखवली आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. नजरही दोन्ही प्रकारच्या माणसांवर जास्त खिळली.

मला हा प्रयोग वाचताना आपल्या ग्रामसभा डोळ्यांसमोर येतात. रविवारची सकाळ, पंचायतीचं सभागृह, डोंगरकापणीचा किंवा शेतजमिनीच्या रूपांतराचा विषय निघालेला. एक जण ध्वनिक्षेपक हातातून सोडत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला "तू खंयचो?" (तू कुठला?) म्हणून गप्प करतो. पाच मिनिटं सभा त्याच्याकडेच बघते. मग ठरावाचा मसुदा लिहायची वेळ येते, शब्दांवर अडतं, आणि माना मागे वळतात. तिथे भिंतीला टेकून निवृत्त शिक्षिका किंवा सर्व्हेचे नकाशे तोंडपाठ असलेला कुणी म्हातारा बसलेला असतो. त्याला कुणी भीत नाही. पण त्याने मान हलवल्याशिवाय लिहिणाऱ्याचं पेन पुढे सरकत नाही. ग्रामसभेला गेलात तर आवाज कुठून येतो याबरोबर माना कुठे वळतात, तेही बघा.

तेव्हा प्रामाणिकपणे मान्य करायला हवं की धाक चालतो. निदान अनोळखी माणसांच्या एका बैठकीत चालतो. राजकारण मात्र एका बैठकीत संपत नाही, ते वीस-तीस वर्षांचं काम. तिथे काय होतं? कॅमेरॉन अँडरसन यांच्या गटाने ४५७ जणांच्या स्वभावाची चाचणी त्यांच्या विद्यार्थिदशेत घेतली आणि सुमारे चौदा वर्षांनी ते आपापल्या नोकरीत किती वर पोचले ते पाहिलं. २०२० साली निकाल आला: स्वार्थी, भांडकुदळ, कारस्थानी माणसं इतरांपेक्षा वर गेली नव्हती. खालीही राहिली नव्हती. कारण शोधलं तेव्हा असं दिसलं की दमदाटीने ती जेवढं कमावत, तेवढंच माणसं तुटल्यामुळे गमावत. जमा आणि खर्च सारखा, बाकी शून्य. ज्यांना या वाटेने जाणं हाच शहाणपणा वाटतो, त्यांनी हा हिशेब नीट पाहावा. दुष्टपणाचा फायदा शून्य होता, पण त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढणाऱ्यांचा तोटा शून्य नव्हता.

हे झालं कचेऱ्यांचं. प्रत्यक्ष राजकारण्यांवरचाही एक अभ्यास आहे. लीन टेन ब्रिंकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सिनेटमधल्या १५१ सदस्यांच्या भाषणांच्या चित्रफिती तपासून कुणाच्या वागण्यात धैर्य, माणुसकी, समंजसपणा दिसतो आणि कुणाच्या वागण्यात कावेबाजपणा, निर्दयपणा, ते नोंदवलं. मग समितीचं अध्यक्षपद मिळाल्यावर कुणाच्या विधेयकांना जास्त सहप्रस्तावक मिळाले ते पाहिलं. सद्गुणी सदस्यांना पाठिंबा वाढला. दुसऱ्या गटाला पद मिळूनही तसा फायदा झाला नाही. सिनेटचंच उदाहरण म्हणून, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांचं नाव नेहमी घेतलं जातं. धिप्पाड माणूस, समोरच्याच्या नाकाला नाक लावून बोलायचे, कोट धरायचे. ते खरंच. पण प्रत्येक सदस्याला काय हवं आहे, त्याच्या मतदारसंघात काय अडलं आहे, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असे. नक्कल करणारे कोट धरायला तेवढे शिकतात.

मग शिखरावर दांडगी माणसं इतकी का दिसतात? एक कारण असं की आपण क्रम उलटा लावतो. माणूस वर गेला आणि दांडगा झाला, की आपण समजतो तो दांडगा होता म्हणून वर गेला. नथॅनियल फास्ट आणि सेरेना चेन यांनी २००९ साली दाखवलं की नुसती सत्ता माणसाला आक्रमक करत नाही. हातात सत्ता आणि मनात "हे आपल्याला झेपत नाही" ही धास्ती, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की आक्रमकता वाढते. त्याच प्रयोगांत अशा माणसांना स्वतःबद्दल बरं वाटेल असं काही सांगितलं, तेव्हा ती पुष्कळ निवळली. कनिष्ठ अभियंत्यावर फाईल फेकणारा मंत्री बलवान वाटतो. बऱ्याचदा ती फाईल त्याला कळलेली नसते.

दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे. हेमंत कक्कड आणि निरो शिवनाथन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यात ६९ देशांतली माहितीही होती, असं आढळलं की आर्थिक अनिश्चितता वाढली, आपल्या हातात काही उरलं नाही असं वाटू लागलं, की लोक मानाच्या नेत्यापेक्षा धाकाचा नेता पसंत करतात. गोव्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सांगे, केपे भागात दारात उभे ट्रक आणि डोक्यावर बँकेचे हप्ते घेऊन बसलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही मनःस्थिती समजावून सांगायला नको. त्या वेळी "कुणीतरी टेबलावर मूठ आपटणारा हवा" असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. त्या घरांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पण मूठ आपटल्याने खाण सुरू होत नाही, हेही खरं.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मला मानववंशशास्त्रात सापडते. क्रिस्टोफर बोम यांनी शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या कित्येक समाजांचा अभ्यास एकत्र करून १९९३ साली मांडलं की या छोट्या समाजांत दादा होऊ पाहणारे असतात, पण बाकीचे मिळून त्यांना खाली ठेवतात. आधी कुजबूज, मग टिंगल, मग आज्ञा न पाळणं, मग वाळीत टाकणं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर त्याहून कठोर उपाय. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या समाजात रिचर्ड ली यांनी पाहिलं की शिकाऱ्याने मोठं जनावर आणलं तर लोक मुद्दाम त्या मांसाला नावं ठेवतात, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. तिथे धाक चालत नाही, कारण बाकीचे एकत्र येऊ शकतात आणि त्यांना तसं करायची भीती वाटत नाही.

म्हणून मला वाटतं, वर जायला दांडगाई लागते का, या प्रश्नाचं उत्तर नेत्याच्या स्वभावापेक्षा खालच्या माणसाला निर्भयपणे "नाही" म्हणता येतं का, यावर जास्त अवलंबून आहे. गोव्याने याचा पुरावा एकदा दिलेला आहे. डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा असंख्य मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवरच्या घरात राहत होते. भाटकाराची मर्जी फिरली तर घर जाणार. पण मतपत्रिका गुप्त होती. ज्या काँग्रेसमागे अनेक बडी घराणी उभी होती तिला गोव्यातल्या २८ पैकी एकही जागा मिळाली नाही आणि बहुजन समाजाच्या मतांवर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मुंडकारांना घरातून काढण्याविरुद्धचा कायदा आला १९७५ साली. म्हणजे "नाही" म्हणण्याची हिंमत संरक्षणाच्या बारा वर्षं आधी दाखवली गेली, ती पेटीच्या आडोशामुळे.

तो आडोसा आज थोडा उघडा पडला आहे, आणि याची चर्चा फार कमी होते. २०२२ च्या निवडणुकीत गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार आणि ४० मतदारसंघ होते. मतदारसंघ एवढे लहान की त्या वर्षी सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. एका मतदान केंद्रावर साधारण सहा-सातशे मतदार, म्हणजे गावातला एखाददुसरा वाडा, एखादी वस्ती. ईव्हीएमची मोजणी यंत्रागणिक होते, त्यामुळे कुठल्या वाड्याने कुणाला किती मतं दिली हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. मग कुठल्या वाड्यावरचा रस्ता रखडतो, कुठल्या वाड्यातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज मागे पडतात, याची चर्चा गावात सुरू होते. ती खरी असो वा नसो, पुढच्या वेळी भीती घालायला ती पुरते. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे मिसळून मोजायची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारं टोटलायझर नावाचं उपकरण तयार आहे. ते चौदा यंत्रांची मतं एकत्र करून फक्त बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने ते वापरायचा प्रस्ताव २००८ साली दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात पाठिंबा दिला. केंद्र सरकारने विरोध केला, कारण केंद्रवार आकड्यांमुळे पक्षांना कुठे जास्त काम करायला हवं ते समजतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या वाड्यावर सहाशे मतं आहेत, तिथल्या माणसाला विचारलं तर हा युक्तिवाद त्याला पटेल असं मला वाटत नाही.