स्पीकरइतकीच खोलीही वाजते

टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप फोनवर घ्या, फोन स्पीकरला जोडा आणि ७० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ७० कंपनांचा) एकसुरी आवाज बेताने लावा. मग एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. खोली ५ मीटरच्या आसपास लांब असेल तर भिंतीलगत आवाज छातीवर जाणवेल, सव्वा मीटरवर जवळजवळ विरून जाईल आणि मध्यावर पुन्हा भरून येईल. स्पीकर तोच, ॲम्प्लिफायर तोच, आवाजाच्या बटणालाही कुणी हात लावलेला नाही. नवे स्पीकर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रयोग करावा, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

असं का होतं? २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या बारीक आवाजाची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, १०० हर्ट्झची साधारण साडेतीन मीटर आणि ४० हर्ट्झची साडेआठ मीटरच्या वर. खर्जाच्या, म्हणजे बेसच्या लाटा खोलीएवढ्या, कधी खोलीहूनही मोठ्या असतात. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत आलं की जाणारी आणि परतणारी लाट मिसळून स्थिर तरंग तयार होतो. त्यात काही जागी दाबाचे चढउतार कायम मोठे, तर काही जागी जवळपास शून्य असतात. ५ मीटर लांबीला हे ३४ हर्ट्झवर घडतं, मग ६९ वर, मग १०३ वर. रुंदी आणि उंची आपापल्या वारंवारतांची भर घालतात. तिन्ही मापं सारखी असलेली खोली सर्वांत वाईट, कारण तिथे सगळा फुगवटा त्याच मोजक्या सुरांवर जमा होतो.

सोफा मागच्या भिंतीला टेकवला की बेस बोजड का होतो, हे आता लक्षात येईल. भिंतीलगत हे सगळे तरंग जोरात असतात. बरोब्बर मध्यावर बसलात तर ३४ हर्ट्झचा खर्ज गायब. बसण्यासाठी स्पीकरमागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवरची जागा निवडावी, असा एक ठोकताळा आहे. ५ मीटरच्या खोलीत हे अंतर १.९ मीटर येतं. सुरुवात तिथून करावी आणि पुढे वीत-वीत सरकत कानाने ठरवावं. सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरसाठी, याहून छान युक्ती आहे. तो चक्क तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतींच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस सर्वांत एकसारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमतं.

स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. पण भिंत काही सूर खाऊनही टाकते. वूफर (स्पीकरमधला खर्ज वाजवणारा भाग) मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर मागे गेलेला आवाज १.७ मीटरचा फेरा मारून परत येतो. १०० हर्ट्झसाठी ही बरोबर अर्धी तरंगलांबी, त्यामुळे थेट आणि परतलेली लाट एकमेकींना खोडतात आणि त्या सुरावर खड्डा पडतो. वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तीन अंतरं वेगवेगळी ठेवावीत, म्हणजे तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडत नाहीत.

बारीक सुरांचा मामला निराळा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, ट्वीटर (बारीक सूर वाजवणारा भाग) कानाच्या उंचीवर, दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्याच अंतरावर: एवढ्याने बरंच साधतं. बाजूच्या भिंतीवरून येणारं परावर्तन थेट आवाजापेक्षा १ मीटर जास्त फिरून आलं तर कानाशी सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतं. इतक्या कमी अंतराने आलेले आवाज मेंदू वेगळे मोजत नाही. आधी आलेल्या आवाजावरून तो दिशा ठरवतो आणि मागून आलेला त्यातच मिसळतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावरच प्रबंध लिहिला. मात्र परावर्तन फार जोरदार असेल तर गायकाची जागा पसरट होते. ते नेमकं कुठून येतं हे आरशाने सापडतं: कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आणा.

खोलीतला निनाद, म्हणजे आवाजाचं घुमत राहणं, मोजण्याचं शास्त्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून उभं केलं. फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून टाकायचे, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरात आहे: निनादकाळ खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि शोषणाच्या प्रमाणात घटतो.

गाद्या, पडदे, गालिचे मात्र बारीक आणि मधले सूर शोषतात. खर्ज शोषायला जाडी लागते, १०० हर्ट्झच्या पाव तरंगलांबीइतकी म्हटली तर ८५ सेंटिमीटर. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून बेस सुधारत नाही, उलट वरचे सूर मंदावून खोली आणखी गढूळ वाटते. कोपऱ्यात ठेवलेले ग्लासवूल किंवा रॉकवूलचे जाड ठोकळे काम करतात. वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझरही उपयोगी पडतो, पण फुगवट्यापुरताच. एखादा सूर फुगला असेल तर तो खाली ओढता येतो. खड्ड्याच्या जागी मात्र ॲम्प्लिफायरने दुप्पट जोर लावला तर भिंतीवरून परतणारी लाटही दुप्पट होते आणि दोघी एकमेकींना पहिल्यासारख्याच खोडून काढतात. तिथे खुर्ची किंवा स्पीकर हलवावाच लागतो.